पाऊण तास मागे

"अहो, हे मागे पडलंय. कुणाला तरी सांगा ना!"

बागेतल्या सूर्यघड्याळापाशी एक आजी सुरक्षारक्षकाला दटावत होत्या. त्यांच्या मनगटावर दहा वाजलेले, तबकडीवर सावली जेमतेम सव्वानऊकडे सरकलेली.

तो शांतपणे म्हणाला, "आजी, याला सेल नसतो."

खरं तर दोन्ही घड्याळं बरोबर होती. आपल्या मनगटावरची भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी रेखांशावरची. पुणं त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून सूर्य इथे सुमारे ३५ मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. त्यात आत्ता, फेब्रुवारीच्या मध्यावर, तो आणखी १४ मिनिटं रेंगाळतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मात्र सगळा मिळून फरक १८-१९ मिनिटांचाच. (लहरी आहे, पण वेळापत्रक पाळून!)

मला आवडली ती मधली तिरकी पट्टी. साडेअठरा अंशांत कललेली, म्हणजे पुण्याच्या अक्षांशाइतकी, टोक ध्रुवाकडे. हेच उचलून दिल्लीत ठेवलं तर चुकेल. पक्कं पुणेरी यंत्र! शेजारी एवढं सांगणारी पाटी तेवढी नाही, तीही पुण्यात!

आज पुण्यातली खरी दुपार घड्याळात पावणेएक वाजून गेल्यावर झाली. मग आपण बाराच्या ठोक्याला भूक लागल्याचं कुणाच्या सांगण्यावरून ठरवतो?