तीन महिने मागच्या सीटवर

फोन हातात नव्हता. हे मी हवालदाराला सांगितलं, आरटीओत सांगितलं, घरी तर आठवडाभर सांगत होतो. फोन हेल्मेटमध्ये होता. गाल आणि हेल्मेट यांच्या मधे खोचून दिला की दोन्ही हात मोकळे. आम्हा एमआर लोकांची, म्हणजे औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींची, ही जुनी युक्ती. माझ्या हेल्मेटचं अस्तर डाव्या बाजूला मोबाइलच्या मापात दबलंय, आजही दाखवतो.

पलीकडे मॅनेजर होते. महिनाअखेर, स्टॉकिस्ट, म्हणजे घाऊक औषधविक्रेता, माल उचलत नव्हता. सोलापुरात सात रस्त्याजवळ हवालदाराने हात केला तेव्हा मी गाडी बाजूला घेतली, स्टँड लावला, नम्रपणे उभा राहिलो. तेवढ्यात माझ्या डोक्यातून आवाज आला, "हॅलो, ऐकताय ना?"

हवालदारसुद्धा हसला. मग लायसन घेतलं आणि पोचपावती दिली.

दंड भरला, विषय संपला असं वाटलं होतं. पण मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर चालवताना मोबाइल वापरणं हे कलम १८४ मधलं धोकादायक ड्रायव्हिंग झालंय, आणि त्यात पोलीस लायसन ताब्यात घेऊन निलंबनासाठी आरटीओकडे पाठवू शकतात. यथावकाश नोटीस आली. बाजू मांडायला बोलावलं होतं.

मी तयारी करून गेलो. कायद्यात 'हातात धरायचं उपकरण' आहे, माझ्या हातात काहीच नव्हतं, वगैरे. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "काय विकता तुम्ही?"

"न्यूरो, मॅडम. फिट्सच्या गोळ्या, डोक्याला मार लागल्यावरच्या..."

"बरं," एवढंच म्हणाल्या.

तीन महिने. कधीपासून, तर आदेशावर लिहिलेल्या तारखेपासून. इथे मी खरा गार पडलो. कार्ड गेलं त्या दिवसापासूनच मी मनात दिवस मोजत होतो. लायसन असं निलंबनासाठी गेलं की पोलिसाच्या पोचपावतीवर गाडी चालवता येत नाही, कलम २०६ मध्येच तसं आहे. म्हणून चार आठवडे एसटीने हिंडलो आणि ते चार आठवडे कुठल्याच हिशेबात धरले गेले नाहीत. तीस दिवसांत अपील करता येतं म्हणे, पण अपिलात लिहिणार काय? फोन गालात होता?

बाहेर झेरॉक्सवाल्याला सहज विचारलं, डिजिटल कॉपी आहे माझ्या मोबाइलमध्ये, ती चालेल? तो मान वर न करता म्हणाला, "सारथीवर, लायसनच्या सरकारी साइटवर, सस्पेंड दिसतंय बे. कॉपी फ्रेम करून लाव."

मेहुण्याचं म्हणणं, बार्शी रोडला कोण बघतंय. कोणी बघत नाही हे खरंच आहे. पण निलंबनात गाडी चालवली तर कलम १८२: दहा हजार दंड, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि कुणाला धडक बसली तर विमा कंपनीला हात वर करायला कारण आयतंच. बायकोने वाद घातला नाही. किल्ली तिच्या शाळेच्या पर्समध्ये गेली.

माझा एरिया म्हणजे बार्शी, मोहोळ, पंढरपूर, अक्कलकोट. एसटीने गावात पोचता येतं, कॉल, म्हणजे डॉक्टरांच्या भेटी, होत नाहीत. बार्शीत एक डॉक्टर शेवटचा पेशंट गेल्यावर बोलावतात, दुसरे ओपीडी सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं, आणि दोन्ही दवाखाने गावाच्या दोन टोकांना. दिवसाला दहाऐवजी पाच कॉल व्हायला लागले.

शेवटी मदतीला आला तो दुसऱ्या कंपनीतला भिडू. त्याचा ब्रँड माझ्या ब्रँडच्या उरावर बसलेला. तो म्हणाला, बस मागे. अट एकच: जिथे त्याचं प्रिस्क्रिप्शन चालतं तिथे आधी तो आत जाणार. मान्य केलं. दोन बॅगा, एक त्याच्या टाकीवर, एक माझ्या मांडीवर, असे आम्ही पहाटे सहाला निघायचो. पंढरपूरचे एक डॉक्टर आम्हाला एकत्र बघून म्हणाले, "काय हो, कंपन्यांचं लग्न लागलं का?"

मागे बसल्यावर कळलं की भिडूचाही फोन हेल्मेटमध्येच. पहिल्याच दिवशी तो मी खेचून काढला. त्यानंतर चालू गाडीवर त्याचा फोन वाजला की मी घ्यायचो. एकदा मोहोळच्या अलीकडे वाऱ्यात धड ऐकू येत नव्हतं, मी नुसतं "हो सर, हो सर" करत राहिलो. त्याच्या मॅनेजरने मला तोच समजून महिन्याचं टार्गेट, नवी स्कीम, कुठल्या डॉक्टरवर जोर द्यायचा, सगळं सांगून टाकलं. फोन ठेवून मी म्हणालो, "घरचा होता. नंतर कर." अक्कलकोटच्या टपरीवर चहा पिताना खरं सांगितलं. तो दहा मिनिटं बोलला नाही.

गेल्या सोमवारी मुदत संपली. कार्ड हातात आलं, वर तोच बावीस वर्षांचा मिशा नसलेला मी. पेट्रोलचे पैसे द्यायला भिडूकडे गेलो तर घेईना. शेंगाचटणीचा डबा तेवढा ठेवून घेतला.

रात्री त्याचा मेसेज आला: "उद्या बार्शी. सहा वाजता. आता गाडी तुझी काढ बे, फोन मी घेतो."