अर्धा कोयता

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या सोमवारी मी हजेरी दोनदा घेतली. एकदा नेहमीसारखी, नंबर पुकारत. दुसऱ्यांदा मनातल्या मनात, रिकाम्या बाकांकडं बघत. नववी ब च्या पटावर ५२ मुलं. वर्गात ३७.

बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगराला लागून असलेल्या एका तालुक्याच्या गावी आमची मुलांची शाळा आहे. निजामाच्या काळातली दगडी इमारत, हातभर जाडीच्या भिंती, मागं मोठं मैदान. वीस वर्षं मी इथं गणित शिकवतोय. मुलांना मी हजेरीच्या नंबरानं हाक मारतो. त्यांनीही ती सवय उचललीय. कबड्डी खेळतानासुद्धा "ए बावीस, पाय धर त्याचा" असंच चालतं. इथंही नंबरच लिहितो. त्यांची नावं त्यांच्यापाशीच राहू देत.

कोण कुठं गेलं हे मला विचारावं लागत नाही. "सर, आठ नंबर गेला कर्नाटकात. बारा नंबर सांगलीकडं. सतरा अन् अठरा एकाच गाडीत गेले." नऊ जण आईबापांबरोबर उसाच्या फडावर, चौघं कापूस वेचायला आणि दोघं मामाकडून अजून परतले नव्हते.

दिवाळीनंतर बाक रिकामे होणं आम्हाला नवीन नाही. पण २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला, त्यानं सगळा हिशोबच बिघडवला. सिंदफणा काय, मांजरा काय, नद्यांनी काठावरची शेतं मातीसकट नेली. उभ्या सोयाबीनच्या शेंगांना कोंब फुटले. एरवी ज्यांच्या घरी दोन-चार एकरांत खायपुरतं पिकतं, ती माणसं मुलाला आजीपाशी ठेवून जायची किंवा जायचीच नाहीत. या वर्षी त्यांनीही ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम घेतली.

बाहेरच्या वाचकासाठी एवढं सांगतो. आमच्याकडं कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, उचल देतो ती कोयत्यावर. एकटा माणूस असला की तो अर्धा कोयता. चौदा-पंधरा वर्षांचा, मिसरूड फुटायला लागलेला मुलगा मुकादमाच्या नजरेत अर्ध्या कोयत्यात बसतो. माझ्या वर्गात त्याच वयाची मुलं बसतात.

मंगळवारी तिसऱ्या तासाला शेकडेवारीची उजळणी होती. पुस्तकी उदाहरणात दुकानदार आणि त्याचा नफा. ते मी बाजूला ठेवलं आणि फळ्यावर लिहिलं : टनाला २७३ रुपये, वाढ ३४ टक्के. २०२४ च्या जानेवारीत ऊसतोडणीचा दर असाच वाढला होता. मुलांनी ३६५.८२ काढले. प्रत्यक्षात दर ३६६ झाला हे मी सांगितल्यावर मागून आवाज आला, "सर, अठरा पैसे जास्तीचे दिले की!" वर्ग हसला. सुट्टीनंतरचा पहिलाच मोकळा हशा होता तो.

मग मी पुढं गेलो. एका कोयत्याची उचल एक लाख धरा. किती टन ऊस तोडला की ती फिटेल? भागाकार झाला : २७३ टन. "सर, जुना दर बी २७३ च होता!" आकडे असे जुळले की मुलांना फार गंमत वाटते, मलाही वाटते. म्हटलं, आता एक कोयता रोज दोन टन तोडतो असं धरू. १३७ दिवस आले. हंगाम पाच महिन्यांचा, म्हणजे १५० दिवस. चार नंबरनं लगेच सांगून टाकलं, "तेरा दिवस शिल्लक राहतेत सर." चार नंबर वर्गातला पहिला. त्याचे वडील नोकरीला आहेत.

तेव्हा एकतीस नंबर उभा राहिला.

जूनपासून या मुलानं माझ्या तासाला एकदाही हात वर केला नव्हता. पहिल्या सत्राच्या गणिताच्या पेपरात त्याला ४० पैकी १४. मी त्याच्या वहीवर 'लक्ष देणे' असा शेरा मारलेला. तो म्हणाला, "सर, दोन टन कोण तोडतंय?"

"किती धरायचे मग?"

"दीड धरा. तेबी रोज नाही होत. गाडी नाही आली तर दिवस बसून जातो. पाऊस झाला तर फडात चिखल, गाडी रुतती. आईला ताप आला तर खाडा. खाड्याचे पैसे कापतेत."

मी खडू त्याच्या हातात दिला. त्यानं २७३ ला दीडनं भागलं. सरळ नाही भागलं. आधी दुप्पट करून ५४६ केले, मग तीननं भागलं. १८२. त्याच्याखाली १५०. वजाबाकी ३२. असा भागाकार मी त्याला शिकवला नव्हता.

"हे बत्तीस दिवस पुढच्या वर्षीच्या उचलीत जातेत," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "अन् सर, खायचं-प्यायचं ह्याच्यातच धरलंय का?"

मी धरलं नव्हतं.

चार नंबरनं त्याला विचारलं, "तुला कामून माहीत एवढं?" एकतीस नंबर जागेवर जाता जाता बोलला, "मपल्या घरची वही मीच लिहितो. मुकादमाच्या वहीला ताडून बघावं लागतं."

तास संपल्यावर मी स्टाफरूममध्ये गेलो नाही. वर्गातच बसून राहिलो. घराचं कर्ज, दिवसाची सरासरी, खाड्याची वजावट आणि मुकादमाच्या वहीतला फरक हे सगळं डोक्यात सांभाळणाऱ्या मुलाला मी १४ गुण दिले होते. पेपरात जे विचारलं होतं त्याचे गुण बरोबरच होते. पण जे विचारायला हवं होतं, ते मी पाच महिन्यांत विचारलंच नव्हतं.

बुधवारी दुपारच्या सुट्टीत एक दृश्य पुन्हा दिसलं. वर्षानुवर्षं दिसतंय, या आठवड्यात जास्त टोचलं. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंत. मोफत पुस्तकं आठवीपर्यंत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं छत्र सहा ते चौदा वयाला. मार्च-एप्रिलपर्यंत जो मुलगा ताट घेऊन रांगेत बसत होता, तोच जूनमध्ये नववीत आला की ओट्याच्या कडेला उभा राहतो. भूक मात्र नववीत दुप्पट झालेली असते, हे पोरं असलेल्या कुठल्याही घरात विचारा. सव्वीस नंबरचा धाकटा भाऊ सहावीत आहे. तो आपलं ताट घेऊन पिंपळाच्या पाराकडं जातो आणि दोघं पाठमोरे बसून खातात. खिचडी शिजवणाऱ्या मावशी त्याच्या ताटात एक डाव जास्त टाकतात. मी ते बघितलं नाही असं करतो.

पोषण आहार नाही, पुस्तकं नाहीत, आणि अंगात काम करण्याइतकं बळ आलेलं. मुलगा नेमका इथंच सुटतो. नववी म्हणजे पुलाची मधली तुटलेली फळी आहे, आणि आम्ही सगळे अलीकडच्या काठावर उभं राहून पलीकडच्या दहावीच्या निकालाची टक्केवारी मोजत असतो.

बुधवारी संध्याकाळी कळलं, एकतीस नंबरच्या टोळीची गाडी शुक्रवारी रात्री निघणार. आणि चौदा नंबरचीही. मी गावातल्या शासकीय वसतिगृहाच्या गृहपालांना फोन लावला. ते म्हणाले, "सर, एकच जागा आहे. उद्या संध्याकाळपर्यंत नाव सांगा."

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी मोटारसायकल काढली ती एकतीस नंबरच्या वस्तीकडं. खरं सांगतो, जागा त्यालाच द्यायची हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं. मंगळवारचा तो १८२ डोळ्यांपुढून हलत नव्हता.

घरासमोर आवराआवर चाललेली. पत्र्याची पेटी, ज्वारीचं पोतं, फडावरच्या कोपीसाठी, म्हणजे झोपडीसाठी, बांबू आणि ताडपत्री. वडील कानशीनं कोयत्याला धार लावत होते. मला बघून उठले, बाज टाकली. "गुरुजी, तुमी कशाला तरास घेतला?" आई दारात बसलेली, कंबरेला फडकं आवळून. तिनं चहा ठेवायला म्हणून उठायचा प्रयत्न केला आणि भिंतीचा आधार घेतला.

मी वसतिगृहाचं बोललो. जेवण, राहणं, काही खर्च नाही, मुलगा हुशार आहे. वडील खाली बघत ऐकत होते. म्हणाले, "गुरुजी, तुमचं खोटं नाही. पण हिची गर्भाची पिशवी काढल्यापासून हिच्याच्यानं मोळी उचलत नाही. बसून तोडती, बांधती. डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं मंजी कंबर साथ देत नाही. उचल घेतलीय पुऱ्या कोयत्याची. हे पोरगं नाही आलं तर मुकादमाला काय सांगू?"

तिचं वय ३३-३४ असेल. आमच्या भागात ऊसतोडीला जाणाऱ्या किती बायांची पिशवी तिशीच्या आतबाहेर काढलेली असते, हे घरोघरी माहीत आहे. पाळी आली म्हणून खाडा परवडत नाही, अंगावर काढलेलं दुखणं वाढतं, आणि मग कुणीतरी सांगतं की काढून टाका. त्यानंतर तिच्या वाट्याच्या मोळ्या घरातल्या कुणाच्यातरी डोक्यावर येतात. इथं त्या माझ्या एकतीस नंबरच्या डोक्यावर येणार होत्या.

मी मुलाकडं बघितलं. तो बैलाच्या जुन्या गोठ्याला टेकून उभा होता. त्यानं मला बाजूला बोलावलं आणि फळ्यापुढं उभं राहिल्यासारखं शांतपणे सांगितलं, "सर, जागा चौदा नंबरला द्या. त्याच्या घरी काम करायला त्याची गरज नाही. त्याची आजी वारली, ठेवायला कुणी नाही म्हणून नेतेत त्याला. त्याला जागा मिळाली तर तो राहील. मला मिळाली तरी मला जावंच लागतं. मंग जागा वाया जाती."

यात पुटपुटणं नव्हतं, रडणं नव्हतं. एक जागा, दोन मुलं, कोणाला दिली की कामी येईल. मी उत्तर तपासलं. चूक सापडली नाही. तिथूनच गृहपालांना फोन करून चौदा नंबरचं नाव सांगितलं. फोन ठेवल्यावर मला मुलाच्या तोंडाकडं बघवेना.

फडावर जाणाऱ्या लहान मुलांना आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो. ते दाखवून जातील तिथल्या शाळेत बसता येतं. पण नववीतल्या मुलासाठी नुसत्या त्या कार्डावर विसंबून राहावं असं मला वाटेना. म्हणून शुक्रवारी मी मुख्याध्यापकांकडून शाळेच्या कोऱ्या लेटरहेडवर सही-शिक्का घेतला आणि पत्र लिहिलं : हा विद्यार्थी नववीत शिकत आहे, जवळपासच्या शाळेत शक्य होईल तेव्हा त्यास बसू द्यावे. मुख्याध्यापक सही करताना म्हणाले, "याचा उपयोग होईल का हो?" मी म्हटलं, "सर, शिक्का जरा ठळक मारा."

रात्री नऊला गाडी लागली. नववी ब ची दहा-बारा मुलं सायकलींवर आली होती, मला न सांगता. कुणी चिवडा आणला होता, कुणी जुना स्वेटर. पोरांना अशा वेळी नीट बोलता येत नाही. ती एकमेकांना ढकलतात, टपल्या मारतात. चार नंबरनं दोन चलांतील समीकरणांची आपली अख्खी वही एकतीस नंबरच्या हातात कोंबली आणि म्हणाला, "फाडू नको बे." स्वतःसाठी तो परत उतरवून घेणार होता. गाडीत वरती पोती, पेट्या, शेळी आणि माणसं. एकतीस नंबर सगळ्यात मागं फळीला धरून बसला. मी एवढंच म्हणालो, "रविवारी फोन कर." तो "हो सर" म्हणाला. त्याच्या आईनं पदर डोक्यावर ओढून मला हात जोडले.

शनिवारी सकाळची शाळा. हजर ३४. मामाकडचे दोघं परतले होते, पाच गेले होते. चौदा नंबर नवीन चादरीच्या वासासह वेळेवर हजर होता आणि वसतिगृहात रात्री पोळी किती मिळते हे दर दोन मिनिटांनी सांगत होता. कबड्डीला सात-सातचे संघ जमले, पण डाव्या कोपऱ्याला कुणी टिकेना. तिथं एकतीस खेळायचा. कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या चढाईनंतर चौदा नंबर आपणहून तिथं जाऊन उभा राहिला आणि लगेच बाद झाला.

गेलेल्यांची नावं मी पटावरून काढत नाही. हजेरी घेताना त्यांचे नंबरही पुकारतो. पुकारल्यावर वर्गात क्षणभर जी शांतता होते ती मुलांनी ऐकावी असं मला वाटतं.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी रात्री दहाला वडिलांच्या नंबरवरून एक फोटो आला. कोपीच्या उजेडात काढलेला, चार नंबरच्या वहीच्या मागच्या पानाचा. त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं :

गाडीचं वजन १५ टन ४०० किलो. कोयते १०. दर कोयती १.५४. सात दिवसांत गाडी पाचदा भरली.

खाली एक ओळ : सर दोन नाही होत.

सोमवारी तिसऱ्या तासाला मी ते गणित पुन्हा फळ्यावर मांडलं. या वेळी १५० ऐवजी भरलेले दिवसच धरायचे ठरलं. चार नंबर उठला, त्यानं १५० ला सातनं भागून पाचनं गुणलं आणि १०७ लिहिले. मग वर्गाकडं वळून म्हणाला, "सर, खायचं-प्यायचं किती धरायचं, एकतीसला विचारून सांगतो."