यशोगाथा लिहिणं सोडलं, तेव्हा नोकरी लागली

कंपन्यांचे सस्टेनेबिलिटी अहवाल (कंपनीच्या कामाचा पर्यावरणावर आणि समाजावर काय परिणाम होतो, त्याचे अहवाल) लिहून पोट भरता येतं, हे वाशिम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यातल्या आमच्या गावात राहून मला कळण्याचं काही कारण नव्हतं. अमरावतीला पत्रकारिता शिकले आणि परत येऊन एका दैनिकासाठी तालुक्याच्या बातम्या देऊ लागले. त्या कामात बातमीपेक्षा दिवाळी अंकाच्या जाहिराती गोळा करण्याचीच घाई जास्त. ते सोडून एका संस्थेत ‘दस्तऐवजीकरणा’च्या जागेवर लागले. संस्थेला एका मोठ्या कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी होता. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार ठराविक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकामावर खर्चावे लागतात. 1 एप्रिल 2014 पासून ते कलम लागू झालं आणि आमच्याकडे शेततळी, नाला खोलीकरण, शिवणयंत्रं असं बरंच काही येऊ लागलं. त्या सगळ्याची यशोगाथा लिहायचं काम माझं.

यशोगाथेचा साचा ठरलेला होता. आधीचा फोटो, नंतरचा फोटो आणि मध्ये शेतकऱ्याच्या तोंडी एक वाक्य: ‘या प्रकल्पामुळे माझे जीवन बदलले.’ वऱ्हाडात असं कोणी बोलत नाही. तळ्याच्या काठावर उभे राहून एक काका मला म्हणाले होते, “पाणी त आलं ना बाप्पा, पण मोटर चालवाले लाईन कुठी हाये?” ते वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं, तर मुंबईहून फाईल परत आली तेव्हा ते गायब. माझ्या मते तळ्याबद्दल कळण्यासारखं सगळं त्याच एका वाक्यात होतं.

या क्षेत्राशी खरी ओळख झाली ती एका तक्त्यामुळे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने 2021 मध्ये बीआरएसआर नावाचा, कंपनीची सामाजिक आणि पर्यावरणीय जबाबदारी मांडणारा अहवाल आणला आणि 2022-23 या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्याने पहिल्या 1000 नोंदणीकृत कंपन्यांना तो सक्तीचा केला. आमच्या निधीदार कंपनीकडून संस्थेकडे माहिती मागवणारा मेल आला, सोबत कोऱ्या तक्त्याची एक्सेल फाईल. एका रकान्यात ‘आकांक्षित जिल्हे’, म्हणजे केंद्राने विकासात मागे म्हणून निवडलेले जिल्हे, असं विचारलं होतं. महाराष्ट्रातल्या अशा चार जिल्ह्यांत गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव यांच्यासोबत आमचा वाशिम आहे. म्हणजे आमच्या शिवारात किती रुपये खर्च झाले, हे भागधारकांपुढे जाणाऱ्या कागदावर छापून येणार होतं. मी सेबीच्या संकेतस्थळावरून पूर्ण नमुना उतरवून घेतला आणि वाचत बसले. एकूण तीन भाग, नऊ तत्त्वं. प्रत्येक तत्त्वाखाली काही प्रश्न आवश्यक, काही ऐच्छिक. इंग्रजी जड होतं, पण परिच्छेद सोडून नुसते तक्ते वाचले तर उलगडत गेलं.

आठव्या तत्त्वाखाली सीएसआरचा लाभ किती लोकांना झाला आणि त्यातले दुर्बल घटकांतले किती टक्के, असे दोन रकाने आहेत. आमच्या कार्यालयाने रजिस्टरांची बेरीज करून आकडा पाठवायला काढला. मला तो आकडा पाहूनच शंका आली, कारण त्या गावांची लोकसंख्या मला माहीत होती. रजिस्टरं घेऊन बसले. शेततळ्याच्या यादीत ज्यांचं नाव, तेच बियाण्याच्या यादीत, तेच फवारणीच्या प्रशिक्षणाच्या उपस्थिती पत्रकात. एकाच माणसाचे तीन लाभार्थी झालेले. दुसरीकडे उलटं. प्रशिक्षणाला बसली बाई, डवरणीपासून वेचणीपर्यंत पराटीत (कापसाच्या पिकात) राबते बाई, आणि सही नवऱ्याची, कारण सातबारा त्याच्या नावावर. म्हणजे बेरीज फुगलेली आणि बायांचा आकडा आटलेला, दोन्ही एकाच कागदावर. मी नावनिहाय यादी केली, गाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जुळवून दुबार नोंदी काढल्या. लाभार्थ्यांचा आकडा बराच खाली आला. साहेब नाराज झाले. “आपणच आपला आकडा कमी करायचा का?” यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं, एवढंच म्हटलं की उद्या कोणी तपासायला आलं तर ही यादी दाखवता येईल, जुनी बेरीज दाखवता येणार नाही.

पुढे माझ्या कामाला आली ती हीच यादी.

मग रीतसर शिकायला घेतलं. कोर्सचे पैसे नव्हते आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला लागतही नाहीत. असे अहवाल कसे लिहायचे ते सांगणारी जीआरआयची मानकं फुकट मिळतात, हरितगृह वायूंचा हिशेब शिकवणारा जीएचजी प्रोटोकॉल फुकट मिळतो, शेअर बाजाराच्या संकेतस्थळांवर कंपन्यांचे बीआरएसआर पडलेले असतात. स्कोप एक, दोन, तीन हे कंपनीच्या उत्सर्जनाचे तीन गट डोक्यात बसायला वेळ लागला, शेवटी गावच्या जिनिंगवर बसवून पाहिलं. जिनिंगचा मालक जनरेटरमध्ये डिझेल जाळतो तो स्कोप एक. महावितरणचं बिल भरतो ती वीज स्कोप दोन. आणि त्याच्याकडे येणारा कापूस पिकवताना आमच्या बाबांनी जो युरिया टाकला, त्यातून निघालेला नायट्रस ऑक्साइड हा मालकाचा स्कोप तीन. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापवतो. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, “म्हणजे आता धुराचंही बिल आमच्याच नावावर?” प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मोठ्या कंपन्यांचा बराचसा हिशेब असाच पुरवठादारांकडे, म्हणजे शेवटी शेताकडे सरकतो, आणि तिथे माहिती गोळा करणारं माणूस क्वचितच असतं.

पुण्याच्या एका सल्लागार कंपनीत अर्ज केला. मुलाखतीआधी लेखी चाचणी होती: एक्सेल दिलं, त्यावरून दोनशे शब्दांचा मजकूर लिहा. मजकूर लिहिला, पण त्याआधी प्रश्नांची यादी जोडली. लाभार्थी म्हणजे व्यक्ती की कुटुंब? पाण्याचा आकडा उपशाचा की वापराचा? मागच्या वर्षी कारखान्याची एक जागा कमी होती, मग तुलना कशी? मुलाखतीत त्यांनी माझ्या भाषेबद्दल फारसं विचारलंच नाही, प्रश्नांवरच बोलणं झालं. मी ती रजिस्टरांची गोष्ट सांगितली. इंग्रजी बोलताना अडखळत होते, तेही चाललं. चांगलं इंग्रजी लिहिणारे त्यांच्याकडे होते, उपस्थिती पत्रक वाचता येणारं कोणी नव्हतं.

आता निम्मं काम घरून, निम्मं प्रवासात. वीज जाते तेव्हा फोनवरून मेल, हे इथल्यांना सांगायला नको. कामातला मोठा वेळ विशेषणं खोडण्यात जातो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये हिरव्या दाव्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली, तेव्हापासून ‘पर्यावरणपूरक’ किंवा ‘ग्रीन’ असं पुराव्याविना मोघम छापणं जोखमीचं झालं. मार्केटिंगवाल्यांना ते आवडत नाही. मला मात्र त्या कागदाने हत्यार दिलं. पूर्वी वाद चवीचा असायचा, आता नियमाचा असतो.

मराठीचं कामही आहे, आणि ते फार वाईट पद्धतीने होतं. 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार प्रकल्पाच्या जनसुनावणीआधी त्या मूल्यांकनाच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. आमच्या भागातले असे सारांश वाचा एकदा. वाक्य संपेपर्यंत कर्ता विसरतो. ग्रामसभेत बसलेल्या माणसाला त्यातून राख कुठे टाकणार आणि पाणी कुठल्या नाल्यातून उचलणार, एवढंही कळत नाही. असे दोन-तीन सारांश मी नीट लिहून दिले; पैसे कमी मिळाले, पण या कामात मला जेवढा अर्थ वाटतो तेवढा चकचकीत अहवालात वाटत नाही.

गावातले मित्र विचारतात, ही कंपन्यांची रंगरंगोटीच ना? काही प्रमाणात आहे. मी आकडा खरा करू शकते, कंपनीला खरी करू शकत नाही. माझ्या अहवालाने कापसाला भाव मिळालेला नाही. खोटं वाक्य छापायच्या आधी अडवता येतं, तेही दर वेळी नाही. एकदा एक प्रकल्प सोडला, कारण लोकांच्या तक्रारींचा रकाना ‘शून्य’ भरायचा आग्रह होता आणि त्या तक्रारींचे अर्ज मी स्वतः पाहिले होते.

कोणाला यात यायचं असेल तर एक व्यवहाराची गोष्ट. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं, वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हावी लागते, त्यामुळे अहवालांची धावपळ एप्रिल ते ऑगस्ट. त्या काळात कोणाला नवं माणूस शिकवायला सवड नसते. अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत करा. सोबत यशोगाथा जोडू नका. आपल्या भागात प्रकल्प असलेल्या एखाद्या कंपनीचा बीआरएसआर घ्या, आठव्या तत्त्वातला तक्ता गावात जाऊन पडताळा आणि जे दिसलं ते दोन पानांत लिहून पाठवा.