कॉम्प्युटरच्या पोटात कॉम्प्युटर

आजचा अख्खा रविवार परभणीच्या मोंढ्यात, मामांच्या आडतीवर गेला. त्यांचा जुना पीसी मागच्या आठवड्यात कायमचा गार झाला. नवा आणला विंडोज ११ वाला, पण हिशोबपट्टीचा प्रोग्राम जुन्या विंडोज एक्सपीशिवाय चालेना. तो करून देणारा पोरगा कधीच पुण्याला गेलाय.

एक्सपीचा सपोर्ट २०१४ लाच बंद झाला, हे मामांना सांगून उपयोग नाही. मग व्हर्च्युअलबॉक्स टाकला, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा, आभासी कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम. पहिल्याच फटक्याला व्हीटी-एक्सचा, म्हणजे असा आभासी कॉम्प्युटर चालवायच्या प्रोसेसरमधल्या सोयीचा एरर! बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये शिरून ती व्हर्च्युअलायझेशनची सोय चालू केली (हे बंद ठेवून मशीन का देतात देव जाणे), तेव्हा कुठं गाडी हलली. ८ जीबीतली १ जीबी रॅम एक्सपीला दिली. त्याला तेवढी म्हणजे चैनच. नेटवर्क मात्र काढूनच टाकलं. इतकी जुनी सिस्टीम नेटवर सोडायची म्हणजे रात्री दुकानाचं शटर उघडं ठेवून घरी जायचं.

खिडकीत एक्सपीची ती हिरवी टेकडी उगवली अन् मामा खुर्ची ओढून पुढं आले. माऊस हलवला, तर तो खिडकीच्या बाहेरच येईना.

"अडकला का काय रे?"

"उजवीकडचं कंट्रोल दाबा."

सुटला! मग पंधरा मिनिटं तोच खेळ, आत-बाहेर, आत-बाहेर. काट्यावरचे हमालसुद्धा बघायला आले.

पेनड्राइव्हवरचा जुना बॅकअप आत घेतला, एक स्नॅपशॉट (बिघडलं तर परत येता यावं म्हणून आहे त्या स्थितीची नोंद) काढून ठेवला आणि प्रोग्राम उघडला. मामांनी चष्मा वर केला.

"आरं, २००९ च्या सोयाबीनच्या पट्ट्या बी दिसायल्यात की!"

त्यातली एक उधारी अजून येणं आहे म्हणे. उद्या फोन लावणारेत.