जुनी गाडी, गेलेलं पिकअप आणि कॅटकॉन

जुन्या पेट्रोल गाडीचं पिकअप गेलं की सल्ला ठरलेला असतो: ‘कॅटकॉन काढून टाका, मधे सरळ पाइप वेल्ड करून घ्या, गाडी पळायला लागेल.’ कॅटकॉन म्हणजे कॅटलिटिक कन्व्हर्टर, इंजिन आणि सायलेन्सर यांच्या मधला, धूर स्वच्छ करणारा डबा. हा सल्ला मलाही मिळाला, आणि एकाकडून नाही. सल्ला देणारे खोटं बोलत नव्हते. त्यांच्या गाड्या खरंच पळायला लागल्या होत्या. माझी शंका एवढीच होती की हीच गाडी नवी असताना कॅटकॉनसकट उत्तम पळत होती, मग आता त्याला झालं काय?

लक्षणं अशी होती: स्टार्टिंग पहिल्या झटक्यात, आयडलिंग ठीक, सावकाश चालवली तर तक्रार नाही. पण ३,००० आरपीएमच्या पुढे गाडी अडायची. क्लच घसरत असता तर आरपीएम चढला असता आणि वेग वाढला नसता. इथे आरपीएमच चढत नव्हता. चढावर तर फारच हाल. लांब पल्ला झाला की फ्लोअरखालून धग जाणवायची, आणि सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला तर झोत अगदी मंद.

कॅटकॉन म्हणजे स्टीलच्या डब्यात बसवलेली सिरॅमिकची वीट. तिला आरपार बारीक नळ्या असतात, एका चौरस इंचात साधारण ४००. त्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा अगदी पातळ थर असतो. धूर त्यावरून जाताना कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल यांचं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं, नायट्रोजन ऑक्साइडमधला नायट्रोजन सुटा होतो. हे काम २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे नीट सुरू होतं. नळ्या मोकळ्या असतील तर धुराला होणारा अडथळा किरकोळ. नळ्याच बुजल्या तर इंजिनला श्वास सोडायला जागा उरत नाही. जळलेला वायू सिलिंडरमध्येच रेंगाळतो आणि ताजी हवा आत येत नाही.

म्हणून आधी मोजमाप करायचं ठरवलं. जिथे कंपनीनेच कॅटकॉन बसवून दिलाय तिथे तो काढून गाडी रस्त्यावर चालवणं बहुतेक देशांत बेकायदा आहे, हे एक कारण होतंच. पण कायदा बाजूला ठेवला तरी नेमका बिघाड कुठे आहे हे न कळता पाइप कापणं मला पटत नव्हतं.

सर्वांत सोपी चाचणी रबरी हातोडीची. गाडी थंड असताना डब्यावर हलकं ठोकायचं. आत खुळखुळ वाजलं तर वीट फुटलीय. माझ्या गाडीत काही वाजलं नाही, पण त्यावरून डबा ठीक आहे असं म्हणता येत नाही. मग इन्टेक मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीला, तिथली ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज लावला. आयडलला १८ इंच पारा, म्हणजे चांगल्या इंजिनाला शोभेल असा. मग २,५०० आरपीएमला धरून ठेवलं. निरोगी गाडीत सुई क्षणभर पडते, पुन्हा वर येते आणि तिथेच थांबते. माझी सुई वर आली आणि मग हळूहळू, न थांबता खाली घसरत गेली. एक्झॉस्ट कुठेतरी चोक आहे, याची ही जवळजवळ खात्रीची खूण.

कुठे, ते बॅक प्रेशर गेजने, म्हणजे अडलेल्या धुराचा उलटा दाब मोजणाऱ्या गेजने कळलं. त्यासाठी कॅटकॉनच्या आधीचा, धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच्या जागी अडॅप्टर लावून गेज बसवायचा. वाचायला एका ओळीचं काम. प्रत्यक्षात सेन्सर वर्षानुवर्षं तापून त्या आट्यांत बसलेला असतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं, इंजिन थोडं कोमट केलं आणि वायरसाठी खाच असलेला सॉकेट वापरला. साध्या पान्याने षटकोन गोल होतो आणि मग तो सेन्सर गेलाच समजा.

आयडलला दाब सव्वा पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) आत आणि २,५०० ला ३ पीएसआयच्या आत असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. माझा गेज आयडललाच २ च्या वर होता, आणि २,५०० ला सुई ७ पर्यंत गेली. तरीही दोष कॅटकॉनचा की मागच्या सायलेन्सरचा, हे यातून ठरत नाही. त्यावर एक सोपी युक्ती आहे. कॅटकॉनच्या मागच्या फ्लँजचे (पाइप जोडणाऱ्या चकतीचे) बोल्ट सैल करून जोड उघडायचा, म्हणजे धूर तिथूनच बाहेर पडेल. दाब उतरला तर सायलेन्सर बुजलेला, तसाच राहिला तर कॅटकॉन. हे काम उघड्यावरच करा. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड वास न देता माणूस आडवा करतो. जोड उघडला, दाब जवळजवळ तेवढाच राहिला. गुन्हेगार सापडला.

इथेच नवा कॅटकॉन लावून मोकळं व्हायचा मोह होतो. पण कॅटकॉन असा आपणहून सहसा बुजत नाही, त्याला कोणीतरी मारलेलं असतं. पूर्वी ते शिसं होतं. यूजीन हूद्री या फ्रेंच अभियंत्याने अमेरिकेत १९५० च्या दशकात गाड्यांसाठी कॅटलिटिक कन्व्हर्टर बनवला, पण पेट्रोलमधलं शिसं त्या धातूंवर बसून त्यांना निकामी करायचं. १९७५ च्या मॉडेलपासून तो अमेरिकन गाड्यांत सर्रास आला, सोबत शिसेविरहित पेट्रोलही आलं. आता मारेकरी वेगळे: इंजिन ऑइल जळलं तर त्यातलं फॉस्फरस, हेड गॅस्केटमधून झिरपणारा कूलंट, चुकीचं सिलिकॉन सीलंट, आणि सर्वांत वेगाने मारणारं मिसिंग, म्हणजे मिसफायर. एक सिलिंडर पेटलाच नाही की त्यातलं कच्चं पेट्रोल आणि हवा दोन्ही तशीच कॅटकॉनमध्ये जातात आणि तिथे जळतात. तापमान इतकं चढतं की वीटच वितळायला लागते. चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला की गाडी बाजूला घ्या असं मॅन्युअल सांगतं, ते याचसाठी.

गाडीच्या कंप्युटरला जोडायच्या स्कॅनरमध्ये पी ०४२० हा कोड होता, म्हणजे कॅटकॉनची क्षमता कमी. तो अपेक्षितच होता. मला रस होता मिसफायर काउंटरमध्ये, आणि तिसऱ्या सिलिंडरचा आकडा भाराखाली चढत होता. प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल उपसून पाहिली तर प्लगच्या विहिरीत (प्लग बसतो त्या खोल भोकात) ऑइल साचलेलं आणि कॉइलचं रबरी बूट त्यात भिजून फुगलेलं. व्हॉल्व्ह कव्हर गॅस्केटबरोबर येणारं विहिरीचं सील कडक होऊन गळत होतं. आयडलला ठिणगी कशीबशी प्लगपर्यंत पोचायची; भार आला की बाजूने पळायची. एका रबरी सीलने मागचा एवढा महागडा भाग खाल्ला होता. सरळ पाइप टाकला असता तर पिकअप आलं असतं, आणि हे मिसिंग कोणाच्या लक्षातही न येता चालू राहिलं असतं.

गॅस्केट, सील, कॉइल, चारही प्लग बदलले. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं सारखं आलं, तेव्हाच पुढे गेलो. पिस्टनच्या रिंगा जाऊन ऑइल जाळणाऱ्या इंजिनाला नवा कॅटकॉन लावणं म्हणजे त्यालाही तीच शिक्षा.

जुना डबा काढणं हा सगळ्यांत घामाचा भाग. गाडी जॅकवर नाही, स्टँडवर चढवा. डोळ्यांवर चष्मा हवाच, गंजाचे पापुद्रे सरळ डोळ्यांतच येतात. एक स्टड तुटला, तो ड्रिल करून काढावा लागला. डबा हातात आल्यावर एका तोंडातून टॉर्च मारला तर दुसऱ्या बाजूला उजेड नाही. पुढचा चेहरा मेणबत्तीच्या ओघळासारखा वितळून घट्ट झालेला, कडेच्या थोड्याच नळ्या उघड्या. असा डबा भंगारात फेकू नका; आतला प्लॅटिनम गटाचा धातू परत मिळवणारे लोक तो विकत घेतात.

नवा निवडताना स्वस्तातला घ्यायचा नाही एवढं ठरवलं होतं. बाहेरून डबा सारखाच दिसतो, पण धातूचा थर नावापुरता असेल तर थोड्याच काळात पी ०४२० परत येतो. आपल्या मॉडेलच्या प्रदूषण मानकासाठी प्रमाणित केलेलाच घ्यावा. फ्लँजचे गॅस्केट आणि नट नवे घेतले. सेन्सरच्या आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावलं, टोकाला लागू दिलं नाही.

पुन्हा गेज लावला. आयडलला सुई जेमतेम हलली, २,५०० ला १ पीएसआयच्या आसपास. व्हॅक्यूमही आता जागचा हलत नव्हता. पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये झुलत होता आणि मागचा ०.६५ च्या आसपास शांत, म्हणजे मधला डबा ऑक्सिजन साठवतोय आणि सोडतोय. पूर्ण भाराखाली, वरच्या आरपीएमला हा दाब वाढतो हे खरं, आणि ट्रॅकवर धावणाऱ्या गाडीला तिथे फरक पडतो. माझ्या गाडीत नव्या कॅटकॉनने किती पॉवर खाल्ली हे शोधायला डायनो, म्हणजे गाडीची ताकद मोजणारं यंत्र, लागेल. सीटवर बसून ते कळणार नाही. पिकअप आलंय, हे मात्र पहिल्याच चढावर कळलं.

काही दिवस चालवून सगळं तापून-थंड झाल्यावर फ्लँजचे नट पुन्हा आवळले आणि जोडांवरून साबणाचं पाणी फिरवलं. पुढच्या सेन्सरच्या आधी बारीकशी जरी गळती राहिली तरी बाहेरची हवा आत ओढली जाते, ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरला, वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि तो जास्तीचं सोडत राहतो. ते सगळं पुन्हा याच डब्यात जळायला येतं.