मूठ मिटली तेव्हा दिसलं

"डॉक्टर, बोट तर सरळच दिसतंय हिचं," आई म्हणाली. खरंच सरळ दिसत होतं.

मुलगी विशीची, ढोलपथकातली. आठवड्यापूर्वी नदीपात्रातला सराव संपवून ढोल टेम्पोत चढवताना डावा हात ढोल आणि फाळक्याच्या मध्ये सापडून पिरगळला. डावा, म्हणजे थापीचा. एका ठिकाणी एक्स-रे झाला, 'बारीक चीर आहे' म्हणून चारही बोटं सरळ ठेवून घट्ट बांधून दिली. ती माझ्याकडे आली ती फक्त पट्टी कधी सुटणार हे विचारायला.

पट्टी सोडली आणि म्हटलं, "जमेल तेवढी मूठ मिट. सावकाश."

तिनं ओठ दाबून बोटं वाकवली आणि अनामिका करंगळीवर चढून बसली. आई एकदम गप्प झाली.

मूठ मिटताना चारही बोटं समांतर जात नाहीत. त्यांची टोकं अंगठ्याच्या मुळाशी, मनगटातल्या स्कॅफॉइड हाडाकडे वळतात. बोट उघडं असताना हाडातला पीळ लपतो, मिटल्यावर उघडा पडतो. तळव्यातल्या हाडाला, मेटाकार्पलला, अवघा 5 अंशांचा पीळ बसला तरी बोटाचं टोक शेजारच्या बोटावर सुमारे 1.5 सेंटिमीटर सरकतं. तिच्या हाडाची चीर तिरकी, मळसूत्रासारखी होती.

बोटं सरळ बांधली होती याचं मला जास्त वाईट वाटलं. मुठीवर जे उंचवटे दिसतात ती या मेटाकार्पलचीच डोकी. ती पुरती गोल नसतात, तळव्याच्या बाजूला रुंद होत जातात. त्यामुळे बोट सरळ असताना सांध्याच्या दोन्ही बाजूंचे अस्थिबंध सैल असतात आणि वाकवलं की ताणले जातात. करून बघा: सरळ बोट आडवं हलतं, मुठीतलं हलत नाही. सैल अवस्थेत ते आठवडेच्या आठवडे बांधून ठेवले तर आखडतात, मग मूठच मिटत नाही. म्हणून आम्ही हा सांधा सत्तरेक अंशांत वाकवून ठेवतो आणि पुढची पेरं सरळ.

त्याच संध्याकाळी हात बधिर करून बोट वाकवलं. ताणलेल्या अस्थिबंधांमुळे बोटच तरफेसारखं हातात आलं. ते फिरवत फिरवत, चारही नखं एका ओळीत येईपर्यंत हाड जुळवलं आणि दोन बारीक तारा घातल्या.

"यंदा वाजवता येईल?" शुद्धीत असल्यानं टेबलावरच तिनं विचारलं. मी नाही म्हणालो. ती रडली, आणि मला धीराचं काहीही सुचलं नाही.

चार आठवड्यांनी तारा काढल्या, व्यायाम सुरू झाला. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावर ती मला दिसली. उजव्या हातानं वादकांना पाण्याच्या बाटल्या देत होती. डाव्या हाताची मूठ मात्र सारखी मिटत होती, उघडत होती, मी सांगितलं होतं तशी. मला पाहिल्यावर तिनं ती मिटलेलीच वर धरली.