लीव म्हटलं की सोडणारी तारा

पोलिसांच्या श्वानांचं प्रात्यक्षिक पाहायला लोक गर्दी करतात. पळणाऱ्या हेल्परच्या, म्हणजे गुन्हेगाराचं सोंग घेतलेल्या माणसाच्या, जाड बाहीला कुत्रं उडी मारून लटकलं की टाळ्यांचा कडकडाट होतो. मग हँडलर 'लीव' म्हणतो, कुत्रं जबडा उघडून मागं सरतं आणि बसतं. तोवर टाळ्या संपलेल्या असतात. मला नेहमी वाटतं, खरी टाळी तिथं पडायला हवी. चांगल्या जातीच्या पिल्लात चावायची ओढ उपजतच असते. तोंडात आलेलं सोडायला लावणं, यात प्रशिक्षकाचा कस लागतो.

तारा ही आमच्या पथकातली बेल्जियन मॅलिनॉइज. तिची पकड बघण्यासारखी. भित्रं कुत्रं पुढच्या दातांनी टोचतं, गुरगुरतं, सारखी पकड बदलतं. तारा दाढांपर्यंत बाही तोंडात घ्यायची आणि आवाज न करता धरून ठेवायची. अडचण एवढीच, की सोडायचं नाव नाही. तिचा हँडलर मराठवाड्यातला तरुण शिपाई, तिच्यावर जीव टाकणारा. ती सोडेना म्हणून तो साखळी ओढायचा, आणि तो ओढेल तसतशी ती आणखी आवळायची. ओढलं की उलटा जोर लावायचा, हा कुत्र्याचा स्वभावच आहे.

मी त्याला ओढायचं बंद करायला लावलं. हेल्परनं बाहीचा हात पोटाशी घट्ट धरायचा आणि खांबासारखं उभं राहायचं. हलेनाशी झाली की बाहीतली गंमतच जाते. जरा वेळानं ताराचा जबडा सैल पडायचा. नेमकं तेव्हा 'लीव' म्हणायचं, आणि तिनं सोडलं रे सोडलं की हेल्परनं पुन्हा पळायचं, तिला पुन्हा चावू द्यायचं. सोडल्यावर खेळ संपतो असं ज्या कुत्र्याला वाटतं, ते मनापासून कधीच सोडत नाही. सोडल्यावरच पुढचा खेळ मिळतो, हे ताराच्या डोक्यात बसायला बरेच आठवडे गेले.

जोडीला धावताना 'डाउन'चा सराव. 'कम' म्हटलं तर भरधाव कुत्र्याला थांबून, वळून, शिकारीकडं पाठ करून परत यावं लागतं. 'डाउन'ला फक्त आहे तिथं पोट टेकायचं असतं. निकडीच्या वेळी तेच लवकर जमतं. आज्ञापालन कच्चं असेल तर पुढचं सगळंच कच्चं राहतं, मग काम कुठलंही असो. स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्यालासुद्धा वस्तू सापडल्यावर पंजा न मारता गप्प बसावं लागतं. 1993च्या मुंबईतल्या स्फोटांनंतर झंजीर या लॅब्रॅडॉरनं 3,000 किलोंहून जास्त आरडीएक्स शोधून दिलं, हे आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. त्या नाकामागची रोजची 'सिट-स्टे'ची घासाघीस मात्र कुणाला आठवत नाही.

तर, त्या रविवारी सकाळी मैदानावर लांब पल्ल्याचा सराव चालला होता. पलीकडं पोलीस लाईनीतली पोरं क्रिकेट खेळत होती. हेल्पर दुसऱ्या टोकाकडं आरडाओरडा करत पळाला, हँडलरनं पट्टा सोडला, तारा सुटली. तेवढ्यात तारेच्या कुंपणाखालून चेंडू आत आला. त्याच्यामागं आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा, नजर चेंडूवर, तिरका धावत.

धावणारं काही जवळ दिसलं की कुत्रं तिकडं वळतं. ताराची मान वळलेली मला स्पष्ट दिसली. कान मागं, पुढचा पाय मुलाच्या दिशेनं पडलेला. माझ्या ओठांवर शब्द आला होता, पण आज्ञा एकाच तोंडून गेली पाहिजे.

"डाउन!"

हँडलरचा आवाज रोजच्याच पट्टीतला होता. किंचाळून दिलेली आज्ञा कुत्र्याला अनोळखी वाटते. इतका सराव होऊनही ऐनवेळी आवाज ताब्यात ठेवणं सोपं नसतं, त्यानं तो ठेवला. तारा पुढच्या कोपरांवर पडली, धुळीत घसरली आणि मुलापासून चार-पाच पावलांवर थांबली. पोट जमिनीला, अंग थरथरतंय, डोळे त्याच्यावर. हेल्पर जागच्या जागी थिजला. मुलाला आता कुठं कुत्रं दिसलं आणि तो पळायच्या बेतात होता.

"राजा, पळू नको. हात खाली, तिथंच उभा राहा," मी म्हणालो. ऐकलं बिचाऱ्यानं. हँडलर 'स्टे' म्हणत गेला, तोही चालत. मग पट्टा अडकवला.

मुलाची आई धापा टाकत आली. "भाऊजी, चावलं का हो?"

"नाही वहिनी, शिवलंसुद्धा नाही."

"काका, आमचा बॉल?" मुलगा रडवेल्या तोंडानं म्हणाला.

हँडलरचे हात कापत होते. ताराला केनेलमध्ये नेऊ का, असं त्यानं विचारलं. मी नको म्हटलं. पोरांना लांब पाठवलं, कुंपणापाशी माणूस उभा केला आणि हेल्परला पुन्हा पळवलं. इतकी अवघड आज्ञा पाळल्यावर तिला कोंडलं असतं, तर पुढच्या वेळी ती का थांबली असती? तारानं बाही दाढांपर्यंत घेतली. 'लीव' म्हणताच सोडली.

कुंपणाची फट संध्याकाळच्या आत बुजवून घेतली. तेव्हापासून सरावात एक भर घातली आहे: हेल्पर सरळ पळत असताना दुसरा माणूस चेंडूमागं आडवा धावतो, आणि कुत्रं लांब दोरीवर असतं. यात न चुकता थांबल्याशिवाय आमच्या पथकातलं एकही कुत्रं मी मोकळं सोडू देत नाही.